गेम स्टुडिओचा इतिहास कसा लिहावा

सोलापुरातल्या महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांसाठी व्हिडिओ गेमवर लेख लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा गेमची नावे आणि प्रकाशनाची वर्षे एवढीच यादी लागते. स्टुडिओचा इतिहास लिहायचा असेल, तर कोणती माणसे एकत्र आली, त्यांना कोणते तंत्र साधले, पैसा कोठून आला आणि ती का पांगली, हे शोधावे लागते. ‘डूम’ या गेममुळे जगभर माहीत झालेल्या आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकन स्टुडिओचे उदाहरण घेऊन ही पद्धत सांगतो.

आरंभ स्थापनेच्या तारखेपासून करू नये. आयडी सॉफ्टवेअरची स्थापना १ फेब्रुवारी १९९१ ची, पण याच मंडळींचा ‘कमांडर कीन’ डिसेंबर १९९० मध्येच बाजारात आला होता. जॉन कार्मॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कार्मॅक हे तेव्हा लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे सॉफ्टडिस्क या कंपनीत नोकरी करत होते आणि कामाच्या वेळेबाहेर तिथलेच संगणक वापरून हा गेम बनवत होते. त्या काळच्या साध्या पीसीवर पडद्यावरचे दृश्य डावीउजवीकडे सफाईने सरकवणे अवघड असे. जॉन कार्मॅक यांनी दृश्याचा बदललेला भागच नव्याने रंगवण्याची युक्ती काढली आणि तिच्यावरच पुढचे सारे उभे राहिले. म्हणून कंपनीच्या नोंदणीआधीची वर्ष-दोन वर्षे आवर्जून तपासावीत. दोघे कार्मॅक नात्याने एकमेकांचे कोणी नाहीत. आडनावावरून त्यांना भाऊ समजण्याची चूक सहज होते.

पैशाचा भाग थोडक्यात पण स्पष्ट लिहावा. ‘कमांडर कीन’चा पहिला भाग अपोजी या प्रकाशकाने फुकट वाटला आणि पुढचे भाग पैसे पाठवून मागवायला ठेवले. याच शेअरवेअर पद्धतीने १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ही आला.

त्यानंतर माणसांकडे वळावे, आणि इथे घाई अजिबात करू नये. जुन्या मिलचा इतिहास केवळ मालकांच्या नावांनी लिहिला तर विणकर राहून जातात, तसेच स्टुडिओचे होते. टॉम हॉल ऑगस्ट १९९३ मध्ये, म्हणजे ‘डूम’ प्रकाशित होण्याआधीच, बाहेर पडले. त्यांनी सुरू केलेले ‘डूम’मधले काही टप्पे (लेव्हल) गेमरचनाकार सँडी पीटरसन यांनी पूर्ण केले. रोमेरो १९९६ मध्ये, ‘क्वेक’ हा स्टुडिओचा पुढचा गेम आल्यानंतर, गेले. गेममधील श्रेयनामावली स्वतः उघडून नावे उतरवून घ्यावीत आणि मुलाखतींशी ताडून पाहावीत, कारण मतभेदाने वेगळी झालेली माणसे एकच प्रसंग निरनिराळ्या रीतीने सांगतात. अशा वेळी दोन्ही बाजू, कोणाचे म्हणणे कोणते हे नमूद करून, द्याव्यात.

मालकी बदलल्याची तारीख लिहिताना घोषणा आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत गल्लत होऊ देऊ नये. झेनिमॅक्स या अमेरिकन कंपनीने हा स्टुडिओ २००९ मध्ये घेतला. झेनिमॅक्स विकत घेण्याची मायक्रोसॉफ्टची घोषणा सप्टेंबर २०२० ची, तर व्यवहार पूर्ण झाला मार्च २०२१ मध्ये. संकेतस्थळांवरील माहिती बदलत राहते, त्यामुळे जुनी पाने इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात पाहून त्यांची तारीख टिपून ठेवावी.

हात बसला की भारतीय स्टुडिओ घ्यावा. १९९७ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या ध्रुवा इंटरॅक्टिव्हने परदेशी गेमसाठी चित्रकाम केले आणि २०१९ मध्ये तो रॉकस्टार या अमेरिकन गेम कंपनीकडे गेला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. दुसऱ्यांच्या गेमसाठी काम करणाऱ्यांची नावे श्रेयनामावलीत नेहमीच येतात असे नाही. सोलापुरातून शिकून पुण्या-बंगळूरला अशा कामात गेलेले कोणी ओळखीचे असतील, तर त्यांना भेटून कोणत्या वर्षी, कोणत्या साधनाने, नेमके काय केले हे विचारावे, आणि गोपनीयतेच्या करारात येणारा मजकूर वगळून, त्यांची संमती घेऊनच ते छापावे.