सोयाबीनची प्रथिने जेलवर चालवताना बफर कोणता घ्यावा?

जेलवर चालवणे म्हणजे जेलच्या पातळ थरातून विजेच्या ओढीने प्रथिने सरकवून वेगळी करणे, आणि बफर म्हणजे सामू (pH) स्थिर ठेवणारे द्रावण. लातूर-नांदेडकडच्या प्रयोगशाळेत सोयाबीनचा नमुना कधीही मिळतो. त्याच्या एकाच दाण्यात सत्तरेक किलोडाल्टनपासून (हे प्रथिनाच्या वजनाचे एकक) आठ किलोडाल्टनपर्यंतची प्रथिने असतात, आणि एकच बफर या सगळ्यांना न्याय देत नाही. म्हणून आधी दोन गोष्टी ठरवा: आपले प्रथिन केवढे आहे, आणि त्याची मूळ घडी टिकवायची आहे का.

घडी मोडली तरी चालत असेल आणि प्रथिन साधारण १५ ते १०० किलोडाल्टनचे असेल, तर ट्रिस-ग्लायसीन पुरते. एक लिटरसाठी ट्रिस बेस ३.०३ ग्रॅम, ग्लायसीन १४.४ ग्रॅम आणि एसडीएस (घडी मोडून प्रथिनाला ऋणभार देणारा साबणासारखा पदार्थ) १ ग्रॅम घ्या. सामू आपोआप ८.३ च्या आसपास येतो. तो थोडा इकडेतिकडे दिसला तरी आम्ल घालून जुळवू नका. या सवयीने जेल बिघडते. स्टॅकिंग जेलमध्ये, म्हणजे वरच्या सैल थरात, ६.८ सामूला ग्लायसीनवर निव्वळ भार फार कमी असतो, म्हणून ते मागे रेंगाळते आणि जेलमधले क्लोराइड पुढे पळते. या दोघांमध्ये प्रथिने दाबली जाऊन बारीक रेघ तयार होते. रनिंग बफरमध्ये, म्हणजे टाकीतल्या या द्रावणात, हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की क्लोराइड मागूनही येते, ही रचना मोडते आणि पट्ट्या पसरतात.

बोमन-बर्क हा सोयाबीनमधला ट्रिप्सिन रोधक (ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे प्रथिन) सुमारे ८ किलोडाल्टनचा. ट्रिस-ग्लायसीनमध्ये तो डायच्या (पुढे धावणाऱ्या खुणेच्या रंगाच्या) रेषेजवळच अडकतो, कारण तिथे एसडीएसचा गठ्ठा आणि लहान प्रथिने एकत्र सरकतात. इथे ट्रिस-ट्रायसीन घ्या. आतल्या, म्हणजे ऋण बाजूच्या टाकीत लिटरला ट्रिस १२.१ ग्रॅम, ट्रायसीन १७.९ ग्रॅम आणि एसडीएस १ ग्रॅम. बाहेरच्या टाकीत ०.२ मोलर ट्रिस, म्हणजे २४.२ ग्रॅम, याचा सामू मात्र हायड्रोक्लोरिक आम्लाने ८.९ करायचा. जेलचा बफर ८.४५ चा.

मूळ घडी हवी असेल तर एसडीएस आणि मर्कॅप्टोइथेनॉल (प्रथिनातले गंधक-बंध तोडणारे रसायन) दोन्ही वगळा, नमुना उकळू नका, टाकी थंड ठेवा. सोयाबीनची साठवण प्रथिने ८.३ ला ऋणभारित असल्याने खाली उतरतात. अंड्यातल्या लायसोझाइमचे तसे नाही. त्याचा समविद्युत बिंदू (ज्या सामूला निव्वळ भार शून्य होतो) ११ च्या जवळ, त्यामुळे ते उलटे वर जाऊन टाकीत हरवते. त्याला बीटा-अ‍ॅलनिन व अ‍ॅसिटिक आम्लाचा ४.३ सामूचा बफर लागतो. टाकीच्या धन-ऋण तारा अदलाबदल करा आणि ब्रोमोफिनॉल ब्ल्यूऐवजी मिथाइल ग्रीन वापरा.

आता आपल्या उन्हाळ्याबद्दल. ट्रिसचा सामू दर अंशाला जवळपास ०.०३ ने उतरतो. मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८.८ ला जुळवलेला जेल बफर २५ अंशांना ९.२ च्या पुढे जातो, आणि त्याच जेलवर पट्ट्यांची जागा सरकते. मीटरचे तापमान-समायोजन फक्त इलेक्ट्रोडची चूक सुधारते, ट्रिसचा स्वतःचा बदल नाही. म्हणून द्रावण पाण्याच्या टोपात ठेवून २५ अंशांवर आणा, मगच आम्ल टाका. आम्लाने ते पुन्हा गरम होते, तेव्हा थांबून परत मोजा. बाटलीवर सामूसोबत तापमानही लिहा.

पाणी डिस्टिल्डच घ्या. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी विद्युतप्रवाह वाढतो, जेल तापते आणि मधल्या पट्ट्या पुढे जाऊन कडा मागे राहतात. बफरचा दसपट तीव्र साठा पातळ न करता ओतला तरी हेच होते, फक्त कितीतरी जोरात. आणि पोटॅशियम फॉस्फेटमध्ये काढलेला अर्क एसडीएसमध्ये मिसळू नका. पोटॅशियम डोडेसिल सल्फेटचा पांढरा साका बसतो. अर्क ट्रिसमध्ये काढा किंवा सोडियम फॉस्फेटमध्ये.

छोटे जेल स्टॅकिंगमध्ये ८० व्होल्ट, पुढे १२० व्होल्टवर चालवा. आतल्या टाकीत दर वेळी ताजा बफर भरा. बाहेरचा एकदा पुन्हा चालतो.