दुर्बीण देताना, घेताना आणि दाखवताना या चुका टाळा

हौशी खगोलप्रेमींच्या गटात दुर्बिणी एका घरातून दुसऱ्या घरात फिरतात, आणि त्या फिरायलाच हव्यात. प्रत्येकाला सगळं विकत घेणं परवडत नाही आणि कपाटात झाकून ठेवलेल्या दुर्बिणीतून कोणालाच काही दिसत नाही. पण बरीच वर्षं हे देणं-घेणं जवळून पाहताना एक गोष्ट सारखी खटकते. खोकं दिलं जातं, सोबतची माहिती दिली जात नाही. घेणारा घाईत असतो आणि देणाऱ्याला जास्त सूचना द्यायचा संकोच वाटतो. "येईल हो तुम्हाला, सोपं आहे" एवढं बोलून दुर्बीण गाडीत चढते आणि पुढचे बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

आरसा पुसणे

ही चूक सगळ्यात आधी घेतो, कारण हिचं नुकसान भरून निघत नाही.

परावर्तक दुर्बिणीच्या मुख्य आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो, उघडा. त्याची जाडी साधारण 100 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी. त्यावर बहुतेक वेळा पातळ संरक्षक लेप असतो, पण कापडाने घासलं तर तोही वाचवत नाही. आरशावरची धूळ म्हणजे दगड-मातीचे बारीक कण. रुमाल फिरवला की ते कण थरावरून फरफटत जातात आणि चरे उमटतात.

आमच्या गटाची एक आठ इंची न्यूटोनियन, म्हणजे अशीच आरशाची दुर्बीण होती. एका उत्साही मुलाने ती काही आठवड्यांसाठी नेली. परत आणून दिली तेव्हा चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "काका, आरसा फार घाण झाला होता. मी मस्त चकाचक करून आणलाय." खिडक्या पुसायचं फवाऱ्याचं द्रावण आणि जुना सुती कपडा, एवढ्यावर त्याने काम उरकलं होतं. त्या रात्री दुर्बीण व्याधावर लावली तर ताऱ्याभोवती धुरकट उजेड पसरलेला. गुरूवर एरवी ठसठशीत दिसणारे दोन पट्टे फिके पडलेले. आरसा काढून कडेने टॉर्चचा उजेड पाडला तेव्हा गोल गोल फिरवलेल्या हाताची सगळी वळणं त्यावर दिसली. एका जागी थर इतका गेला होता की मागची काच आरपार दिसत होती. आरसा नव्याने थर चढवायला पाठवावा लागला आणि निरीक्षणाचा जवळजवळ अख्खा हंगाम त्यात गेला.

त्या मुलावर मी रागावलो नाही. रात्री टॉर्च नळीत मारला की कुठलाही आरसा भयंकर घाण दिसतो, अगदी उत्तम अवस्थेतलाही. त्याने तेच पाहिलं आणि त्याला काळजी वाटली. दुर्बीण सोपवणाऱ्याने त्याला कोणत्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) किती मोठं दिसतं ते सांगितलं होतं, पण आरशाला हात लावायचा नाही हे सांगितलंच नव्हतं.

म्हणून नियम साधा आहे. उसन्या दुर्बिणीचा आरसा कधीही स्वच्छ करायचा नाही. धुळीचा थर बऱ्यापैकी दिसत असला तरी प्रतिमेत फारसा फरक पडत नाही. स्वतःचा आरसा असेल आणि खरोखरच वेळ आली असेल, तर पुसायचा नाही, धुवायचा. हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. हवेच्या रबरी फुग्याने सुटी धूळ उडवा, मग कोमट पाण्याची हलकी धार बराच वेळ आरशावरून वाहू द्या. भांडी घासायच्या सौम्य द्रवसाबणाचा एखादा थेंब टाकलेल्या पाण्यात आरसा बुडवून ठेवा. त्यानंतरच, गरज वाटली तर, शुद्ध कापसाचा बोळा पाण्याखाली फक्त त्याच्या स्वतःच्या वजनाने ओढा, बोटाचा दाब नको, आणि प्रत्येक ओढीला नवा बोळा घ्या. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन आरसा तिरका उभा करून वाळवा. उरलेले थेंब टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या. एवढं करायला वेळ नसेल तर धूळ राहू द्या. "पटकन एकदा पुसून घेतो" हे वाक्य ऐकलं की मी दुर्बिणीचं झाकण लावून टाकतो.

"दिसलं का?" विचारणे

आकाशदर्शनाच्या रात्री रांग लागलेली असते, दुर्बिणीपाशी उभा असलेला जाणकार प्रत्येकाला "दिसलं का?" विचारतो, प्रत्येक जण "हो हो, दिसलं" म्हणतो आणि पुढे सरकतो. माझ्या अनुभवात यातल्या बऱ्याच जणांना काहीच दिसलेलं नसतं. कोणी डोळा आयपीसपासून फार लांब धरलेला असतो, कोणी नळीला हात लावल्यामुळे ग्रह केव्हाच क्षेत्राबाहेर गेलेला असतो, कोणाला स्वतःच्या पापण्याच दिसत असतात. मागे रांग खोळंबलेली, त्यात "नाही" म्हणायची लाज वाटते.

प्रश्न बदला. गुरू दाखवत असाल तर विचारा, "ग्रहाच्या कोणत्या बाजूला किती चंद्र दिसतात?" शनी असेल तर, "कडं आणि ग्रह यांच्यामध्ये काळी फट दिसते का?" उत्तर अडखळलं की समजायचं, अजून दिसलेलं नाही. मग त्यांना बाजूला करू नका. खुर्ची किंवा स्टूल द्या, बसून पाहिलं की डोळा स्थिर राहतो. चष्मा असेल तर नंबर साधा लांबचा किंवा जवळचा आहे की सिलिंड्रिकल ते विचारा. साध्या नंबरवाल्यांनी चष्मा काढून फोकस स्वतः फिरवून घ्यावा. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर चष्मा ठेवूनच पाहणं बरं. फोकसला हात लावू न देणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. फोकस बिघडला तर पुन्हा जुळवायला किती वेळ लागतो?

धूसर वस्तूंच्या बाबतीत तर आधी तयारी करून घ्यावीच लागते. देवयानी दीर्घिका सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं दूर आहे हे ऐकून माणूस डोळा लावतो तेव्हा त्याच्या मनात रंगीत छायाचित्र असतं, आणि समोर राखाडी डाग. आधीच सांगा की रंग दिसणार नाही, कापसाच्या पुंजक्यासारखा उजेड दिसेल. आणि नजर थेट त्यावर न रोखता थोडी बाजूला ठेवायला सांगा. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशी नसतात, त्या आजूबाजूला असतात, त्यामुळे तिरक्या नजरेला अंधुक वस्तू जास्त स्पष्ट दिसते. हे कळल्यावर माणूस पुन्हा डोळा लावतो आणि क्षणभराने "अरे!" म्हणतो. तो "अरे!" येईपर्यंत मी पुढच्याला बोलवत नाही, रांग कितीही लांब असो. दहा वस्तू धावत दाखवण्यापेक्षा तीन नीट दाखवा.

सूर्याच्या बाबतीत विश्वास ठेवणे

इथे मैत्री, ओळख, अनुभव काही चालत नाही. दुसऱ्याने दिलेला सौर फिल्टर स्वतः तपासल्याशिवाय वापरायचा नाही. डोळ्याने पाहण्याचा सौर फिल्टर सूर्यप्रकाशाचा साधारण एक लाखावा भागच आत सोडतो. टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी तो बाद. प्रखर दिव्यासमोर धरून प्रत्येक वेळी पाहा. फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसतो आणि वाऱ्याने उडणार नाही असा चिकटपट्टीने पक्का करायचा असतो. जुन्या छोट्या दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायचे गडद काचेचे सौर फिल्टर यायचे. ते उष्णतेने अचानक तडकतात आणि सगळा प्रकाश थेट डोळ्यात शिरतो. असा फिल्टर खोक्यात सापडला तर पुढच्या माणसाला देऊ नका, मोडून फेकून द्या. आणि फाइंडर, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण, काढून ठेवा. मुख्य नळीवर फिल्टर लावून उघड्या फाइंडरमधून सूर्य शोधणारी माणसं मी पाहिली आहेत. लहान मुलं जवळ असतील तर दुर्बिणीपासून एक पाऊलही हलायचं नाही.

तारीख उलटी टाकणे

गोटू माउंट, म्हणजे सांगितलेल्या वस्तूकडे दुर्बीण आपोआप वळवणारा मोटरचा स्टँड, उसना नेणाऱ्याचा पहिला फोन ठरलेला: "मोटर बिघडली आहे, चंद्र म्हटलं की जमिनीकडे वळते." मोटर बहुतेक वेळा ठणठणीत असते. बऱ्याच हँड कंट्रोलरमध्ये महिना आधी आणि दिवस नंतर टाकायचा असतो. 5 ऑगस्टला 05/08 टाकलं की यंत्राच्या दृष्टीने 8 मे असतो. तारांगण महिन्याला दोन तास पुढे सरकतं, म्हणजे तीन महिन्यांत सहा तास, जवळजवळ 90 अंश. चंद्राची तर गोष्टच सोडा. डेलाइट सेव्हिंग (परदेशात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात ते) चुकून चालू राहिलं तर एका तासाचा, म्हणजे 15 अंशांचा फरक पडतो. रेखांश पूर्व की पश्चिम हेही पाहा. एवढं तपासायच्या आत स्क्रू ड्रायव्हर हातात घेणाऱ्यांना मी माझा माउंट देत नाही. अडॅप्टरही मूळचाच वापरा. 12 व्होल्ट लिहिलेल्या कुठल्याही अडॅप्टरची पिन भोकात बसते, पण धन-ऋण उलटं असलं तर सर्किट बोर्ड जळतो.

आपला अंदाज आधी सांगणे

ही चूक जाणकारांची, आणि ती फारशी कोणी चूक मानत नाही. रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांची तेजस्विता डोळ्याने ठरवणं हे हौशी माणसाचं खरंखुरं शास्त्रीय काम आहे. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था 1911 पासून अशा नोंदी गोळा करते आहे. 2020 च्या फेब्रुवारीत मृगातला काक्षी, म्हणजे बीटलज्यूज, 1.6 प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) मंदावला, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी केलेल्या नोंदींनाही किंमत होती. एरवी तो 0.5 च्या आसपास असतो. त्या दिवसांत तो शेजारच्या बेलाट्रिक्सइतकाच दिसत होता.

आता गटात चार जण उभे आहेत आणि सगळ्यात ज्येष्ठ माणूस मोठ्याने म्हणतो, "आज 1.4 आहे बघा." संपलं. बाकीच्या तिघांच्या वहीत 1.4 किंवा 1.5 च उतरणार. चार नोंदी झाल्या, निरीक्षण एकच झालं. आम्ही सगळ्यांनी आपापला आकडा लिहून वही मिटल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवलं आणि आकड्यांमधला खरा फरक दिसायला लागला. नवशिक्याला पद्धत जरूर सांगा: तुलनेचे तारे साधारण सारख्याच उंचीवर असावेत, तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहू नये, झटकन नजर टाकून घ्यावी, कारण तो बघता बघता जास्त तेजस्वी भासायला लागतो. आकडा मात्र सांगू नका. आणि नोंदीत तारीख, वेळ, वापरलेली दुर्बीण आणि आकाशाची स्थिती नसेल तर ती नोंद दुसऱ्या कोणाच्या कामाची नाही.

न विचारता सल्ला देणे

"कोणती दुर्बीण घेऊ?" या प्रश्नाला लोक स्वतःकडे असलेल्या दुर्बिणीचं नाव सांगून मोकळे होतात. आधी विचारा: कुठून बघणार, जिने चढायचे आहेत का, वजन कोण उचलणार, ग्रह हवेत की तारकागुच्छ? 60 मिमीच्या दुर्बिणीच्या खोक्यावर पाचशे पट छापलेलं असतं. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमागे दोन पट ही वरची मर्यादा धरली तर ती 120 पटीतच संपते, हे खरेदीआधी सांगा, नंतर नव्हे. ज्याला अजून ध्रुवतारा शोधता येत नाही त्याला 10x50 ची द्विनेत्री द्या आणि कृत्तिका बघायला लावा. त्याला कंटाळा आला तर मोठ्या दुर्बिणीनेही तो जाणार नाही.

आणखी काही, थोडक्यात

पांढरा टॉर्च आणि मोबाइलचा पडदा बंद. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि एका झळकीत ती वाया जातात.

हिरवा लेसर लहान मुलांच्या हातात द्यायचा नाही आणि विमानाच्या जवळपासही न्यायचा नाही.

कोलिमेशनचा, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवायचा लेसर उसना आणला तर आधी तोच सरळ आहे का ते पाहा. खोबणीत फिरवल्यावर ठिपका गोल फिरत असेल तर तो तुमचे आरसे आणखी बिघडवेल.

खोलीतून बाहेर आणलेल्या दुर्बिणीला थंड व्हायला वेळ द्या, मगच प्रतिमेबद्दल तक्रार करा.

आयपीसच्या काचेला बोट लागलं तर सांगून द्या. लपवलेला ठसा महिनाभराने काढणं जास्त अवघड असतं.

देताना आणि परत घेताना

माझी सवय अशी आहे. दुर्बीण दिवसाउजेडी देतो. नेणाऱ्याने ती माझ्यासमोर खोक्यातून काढून स्वतः जोडायची, मी हात मागे बांधून उभा राहतो. सूर्यापासून दूरच्या दिशेला एखाद्या खांबाच्या टोकावर फाइंडर जुळवून दाखवायचा, मग सगळं सुटं करून परत खोक्यात भरायचं. ज्यांना एवढा वेळ नसतो त्यांना मी पुढच्या वेळी या म्हणतो. खोक्यात एक कागद असतो, त्यावर प्रत्येक सुटी वस्तू लिहिलेली: दोन्ही झाकणं, आयपीस, प्रत्येक स्क्रू, षटकोनी किल्ली. भरलेल्या खोक्याचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये राहतो.

परत घेतानाही कागद काढून एकेक वस्तू मोजतो आणि कोलिमेशन एका ताऱ्यावर दोघं मिळून पाहतो. दवात वापरलेली दुर्बीण तशीच झाकण लावून आलेली असेल तर ती लगेच उघडून खोलीत, धूळ बसणार नाही अशी, तोंड खाली करून वाळू द्यायची. ओल आत कोंडली की भिंगांवर बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेप खाते. पूर्ण वाळल्यावर झाकणं, सिलिका जेलची ताजी पुडी, मग खोकं बंद. फाइंडरमधली बॅटरी काढलेली आहे ना, हे शेवटी एकदा बघायचं.