लोकलमध्ये खेळायला टॅक्टिकल आरपीजी निवडताना काय बघायचं

हँडहेल्डवर, म्हणजे हातात धरायच्या कन्सोलवर, खेळायला टॅक्टिकल आरपीजीइतका (डावपेचांच्या रोल-प्लेइंग गेमइतका) सोयीचा प्रकार दुसरा नाही. खणांच्या पटावर आपली माणसं हलवायची, कोणाला उंचावर उभं करायचं, कोणाच्या पाठीत वार करायचा ते ठरवायचं, लढाई संपली की लेव्हल वाढवायची, शस्त्रं बदलायची, आणि हे सगळं टर्नवर, म्हणजे कोपरखैरणेला दारातली गर्दी अंगावर आली तरी तुम्ही बटण दाबेपर्यंत समोरचा शत्रू जागचा हलत नाही. पण घ्यायला गेलं की ढीगभर नावं दिसतात, लोक रिव्ह्यूचे आकडे बघतात, दहापैकी नऊ मिळालेत म्हणून घेतात आणि महिन्याभरात तो गेम कपाटात जातो. माझं मत असं आहे की स्टोरी, ग्राफिक्स, कॅरेक्टर हे सगळं नंतर बघा, आधी एक लढाई किती वेळ चालते ते बघा, आणि तेवढा वेळ आपल्याला सलग कुठे मिळतो ते.

ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडून वाशीला जाणाऱ्याच्या हातात साधारण अर्धा तास असतो, तोही बसायला मिळालं तर. ऐरोली-रबाळेवाल्यांना त्याच्या निम्मासुद्धा नाही. घोडबंदर रोडवर बसने येणाऱ्यांचा काही नेम नाही, एखाद्या दिवशी आख्खा चॅप्टर होईल इतका ट्रॅफिक आणि दुसऱ्या दिवशी लोडिंग होईपर्यंत स्टॉप. त्यामुळे तुमचा प्रवास कुठला यावर गेम बदलतो हे लक्षात घ्या.

वेळ एकदम कमी असेल तर डोळे झाकून इनटू द ब्रीच. ८ बाय ८ चा पट, तुमचे तीन मेक (माणूस आत बसून चालवतो ते राक्षसी रोबो), चार-पाच टर्नमध्ये लढाई खलास. शत्रू पुढच्या टर्नला कुठे मारणार ते आधीच दाखवतो आणि नेम चुकणं हा प्रकारच नाही, म्हणजे हरलात तर नशिबाला शिव्या घालता येत नाहीत. यात आरपीजीचा भाग अगदी पातळ आहे, पायलटची लेव्हल थोडी वाढते, मेकमध्ये चार गोष्टी बसवता येतात, बास. ज्याला माणसांमध्ये जीव गुंतवायचा आहे त्याला हा कोरडा वाटेल. पण दहा मिनिटांत डोकं गरगरवणारा दुसरा गेम मला तरी माहीत नाही.

फायर एम्ब्लेम हे नाव तुम्हाला सगळेच सांगतील, पण त्यातला कुठला हे कोणी नीट सांगत नाही आणि खरा घोळ तिथे आहे. थ्री हाउसेस २०१९ चा, एंगेज २०२३ चा, दोन्ही निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर, आणि दोघांचा स्वभाव एकदम उलटा. थ्री हाउसेसमध्ये तुम्ही शिक्षक असता, तीन हाउसमधलं एक निवडायचं, मग गारेग माख नावाच्या मठात फिरायचं, विद्यार्थ्यांना शिकवायचं, जेवायला न्यायचं, चहा पाजायचा, मासे पकडायचे, आणि महिनाअखेरीला लढाई. रविवारी दुपारी पंख्याखाली लोळून खेळायला हे सुंदर आहे, माणसं इतकी जवळची होतात की दुसऱ्या हाउसमधला पोरगा पुढे शत्रू म्हणून समोर आला की बोट अडखळतं. पण तेच रोज वीस-वीस मिनिटं गाडीत खेळलात तर आठवडाभर फक्त चहापाणीच होतं आणि लढाईचा पत्ता नाही. एंगेजची गोष्ट लहान मुलांच्या कार्टूनसारखी आहे, ती मनावर घेऊ नका, पण लढाईचा पाया पक्का. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला, आणि योग्य शस्त्राने मारलं की समोरच्याच्या हातातलं शस्त्रच गळून पडतं, त्याला उलटा वार करता येत नाही. थ्री हाउसेसमध्ये हे त्रिकूट मूळ नियमात नाहीच. म्हणून कोणी मला विचारलं की गाडीसाठी कुठला, तर एंगेज, आणि घरासाठी थ्री हाउसेस. फोनवरच्या फायर एम्ब्लेम हीरोजवरून मात्र या दोघांचा अंदाज बांधू नका, तो गाचा आहे, म्हणजे पात्रं सोडतीसारखी नशिबावर मिळतात, त्याचं गणित वेगळं.

दुसरा प्रश्न, माणूस मेला की काय होतं. फायर एम्ब्लेमच्या क्लासिक मोडमध्ये मेला तो कायमचा गेला, कॅज्युअलमध्ये लढाई संपली की परत येतो. गर्दीत खेळताना कोणाची बॅग कोपराला लागते आणि चुकीच्या खणावर बोट पडतं, त्यामुळे कॅज्युअल घेतला म्हणून कोणी तुमची मर्दानगी मोजायला येत नाही. थ्री हाउसेसमध्ये क्लासिकवरून मध्येच कॅज्युअलला येता येतं, उलटं जाता येत नाही, म्हणजे हिंमत असेल तर क्लासिकनेच सुरू करा. दोन्ही गेममध्ये वेळ मागे फिरवायची सोयही आहे, पण थ्री हाउसेसमध्ये ती मोजून मिळते, एंगेजमध्ये नॉर्मलवर मात्र हवी तितकी. टॅक्टिक्स ओग्रे रीबॉर्नमध्ये हीच सोय चॅरियट नावाने आहे आणि ती ५० चालींपर्यंत मागे नेते, हे ऐकायला ढिलं वाटतं पण त्या गेमच्या लढाया इतक्या मोठ्या आहेत की लागतंच. दहा-बारा युनिट तुमचे, तितकेच समोरचे, डोंगर, गच्च्या, पाऊस. वाशीपर्यंत अर्धी लढाई होते. गोष्टीचे फाटे मात्र जबरदस्त, एका निर्णयावर पुढचा आख्खा चॅप्टर बदलतो.

फायनल फँटसी टॅक्टिक्स १९९७ चा प्लेस्टेशनवरचा, त्याची नवी आवृत्ती द इव्हालिस क्रॉनिकल्स सप्टेंबर २०२५ मध्ये आली, स्विचवरही आहे आणि पीसीवरही. चार-पाचच माणसं न्यायची असतात, म्हणून लढाई आटोपशीर, आणि जॉब सिस्टिम (कुठल्या माणसाने कुठला पेशा शिकायचा ते आपण ठरवायचं) अशी की गाडीत नसताना ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा डोक्यात तेच चालू, या निंजाला पांढऱ्या जादूगाराची विद्या दिली तर काय होईल. पडलेला माणूस तीन टर्न वाचवता येतो, नंतर गेलाच. एक सल्ला, दोन वेगवेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करत जा, कारण या गेममध्ये लागोपाठच्या लढाया आहेत, जुन्या आवृत्त्यांमध्ये मधे सेव्ह करायला देतात पण बाहेर पडून लेव्हल वाढवायला देत नाहीत, रायोव्हानेसच्या किल्ल्यात विगराफ नावाच्या शत्रूपुढे एकाच सेव्हवर अडकलेल्यांची पिढीच्या पिढी आहे. खिसा रिकामा असेल तर याचीच आधीची वॉर ऑफ द लायन्स आवृत्ती अँड्रॉइड आणि आयफोनवर मिळते, कन्सोल घ्यायच्या आधी हा प्रकार आपल्याला झेपतो का ते फोनवर कळून जाईल.

ट्रँगल स्ट्रॅटेजी, २०२२ चा. गोष्ट राजकारणाची, मिठासाठी आणि लोखंडासाठी भांडणारी राज्यं, मोठ्या निर्णयाला तुमचे साथीदार मतदान करतात आणि तुम्ही फक्त त्यांना पटवू शकता, हुकूम देता येत नाही. इथे कोणी कायमचं मरत नाही, आणि लढाई हरलात तरी मिळालेला एक्स्पीरियन्स राहतो, त्यामुळे गाडीसाठी तसा दयाळू. पण सुरुवातीचे काही तास नुसती बडबड आहे, संवादावर संवाद, हेडफोन नसेल तर कंटाळाल. फुकट डेमो आहे, तो खेळून बघा, आवडला तर सेव्ह पुढे चालतो. युनिकॉर्न ओव्हरलॉर्डचाही डेमो आहे, चांगला लांबलचक, फक्त तो खरा टर्नबेस्ड नाही, घड्याळ चालू असतं आणि आपण पॉज करून हुकूम द्यायचे.

डिसगाया ज्याला आकडे आवडतात त्याच्यासाठी, बहुतेक भागांत लेव्हल ९९९९ पर्यंत जाते आणि प्रत्येक वस्तूच्या आत एक आख्खं भुयार आहे. गोष्ट वगैरे विसरा. एक्सकॉम २ मस्त आहे पण स्विचवर लोडिंग फार, घ्यायचाच तर पीसीवाल्या हँडहेल्डवर घ्या. मारिओ आणि रॅबिड्सचा किंगडम बॅटल घरात लहान पोरं असतील तर, आणि तो सेलमध्ये अगदी स्वस्त मिळतो.

गेम ठरला की घ्यायच्या आधी त्याचा हँडहेल्ड मोडमधला व्हिडिओ बघा, टीव्हीवरचा नाही. स्विच लाइटची स्क्रीन ५.५ इंच, साध्या स्विचची ६.२, ओलेडची ७, आणि या प्रकारात वाचायला खूप असतं. थ्री हाउसेसची अक्षरं तर लाइटवर मुंगीएवढी दिसतात, चाळिशी लागलेल्यांनी हे गांभीर्याने घ्या.

खरेदीबद्दल. स्विच भारतात अधिकृत विकला जात नाही, सगळा इम्पोर्टचा माल, त्यामुळे किंमत दुकानागणिक बदलते, वाशीत विचारा, ठाण्यात विचारा आणि मग मुंबईत. कार्ट्रिज कुठल्याही देशाचं चालतं, पण डीएलसी, म्हणजे गेमला नंतर जोडायचा जास्तीचा भाग, त्याच देशाच्या स्टोअरवरून घ्यावं लागतं, आणि जपानी कार्ट्रिज असेल तर इंग्रजी आहे का ते आधी विचारा. निन्टेन्डोच्या स्वतःच्या गेमच्या किमती वर्षानुवर्षं फारशा उतरत नाहीत, याचा फायदा असा की कार्ट्रिज खेळून झालं की विकताना बरे पैसे येतात, डिजिटल घेतलं तर ते तुमच्याच गळ्यात. स्विच २ साठी घेत असाल तर डब्यावर गेम-की कार्ड लिहिलंय का बघा, त्यात गेम नसतोच, सगळा डाउनलोड करावा लागतो. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात रुपयात किंमत असते आणि १४ दिवसांच्या आत, २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात, तर ते दोन तास मेन्यूत आणि कट-सीनमध्ये घालवू नका, थेट पहिली लढाई गाठा आणि घड्याळ लावून बघा.

हो, आणि स्विच झोपवला की लढाई तिथेच थांबून राहते, पण घरी कोणी दुसरा गेम चालू केला की तुमचा बंद होतो, तर घरात शिरायच्या आधी सेव्ह मारून ठेवा.