चिनी घराची गोष्ट वाचताना या चुका टाळा

१९१९ च्या आसपासच्या चीनमधल्या एखाद्या मोठ्या घराची कादंबरी हातात घेतली की बरेच जण पन्नास पानांत अडखळतात. नाती डोक्यात राहत नाहीत, आजोबांचा संताप येतो आणि थोरला नातू इतका मुळमुळीत कसा, हे कळत नाही.

नात्यांपासून सुरुवात करा. इंग्रजी अनुवादात सगळेच 'कझिन' असतात. चिनी भाषेत मात्र मराठीसारखाच फरक आहे: चुलत भावंडं 'थांग', आणि आते-मामे-मावस भावंडं 'प्याओ'. चुलत बहीण एकाच आडनावाची, तिच्याशी लग्नाचा विषयच नाही. मामेबहिणीशी किंवा मावसबहिणीशी मात्र लग्न चालत असे. त्यामुळे 'कझिन' खोडून समासात 'मावसबहीण' लिहिलं, की अर्धी गोष्ट तिथेच उलगडते.

दुसरी चूक म्हणजे १९१९ आणि १९६६ ची सरमिसळ. ४ मे १९१९ ला बीजिंगमध्ये जमलेले सुमारे तीन हजार विद्यार्थी सरकारच्या विरोधात उभे होते, आणि त्यांच्यातल्या काहींना अटकही झाली. १९६६ च्या सांस्कृतिक क्रांतीत जुनं ते मोडायला निघालेल्या 'रेड गार्ड' मुलांच्या पाठीशी मात्र खुद्द सत्ताधारी माओ होते. पहिल्या काळात घर सोडणं धोक्याचं होतं, दुसऱ्या काळात बापाची बाजू घेणं.

आजोबांना एवढ्यात खलनायक ठरवू नका. सरकारी अधिकारी होण्यासाठीच्या ज्या राजपरीक्षेकरता जन्मभर घोकंपट्टी केली ती १९०५ मध्ये बंद झाली, १९१२ मध्ये बादशहाही गादीवरून उतरला. ज्यांचा शब्द कुठेच चालेनासा झाला, त्यांना हुकूम चालवायला उरलं फक्त घर.

सगळ्यात मोठा अन्याय आपण थोरल्या नातवावर करतो. लेखक बा जिन यांच्या थोरल्या भावाचंच बघा. चेंगदू शहरातल्या या हुशार मुलाला पुढे शिकायचं होतं. वडिलांनी दोन स्थळांची आडनावं लाल कागदाच्या दोन तुकड्यांवर लिहिली, गोळ्या केल्या, पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांसमोर प्रार्थना केली आणि एक गोळी उचलली. सून ठरली! शिक्षण संपलं, नोकरी लागली. वडील गेल्यावर अख्ख्या घराचा भार त्याच्या खांद्यावर आला. धाकटे भाऊ शिकायला बाहेर पडू शकले, कारण मागे तो होता. त्याच्यावर बेतलेलं पात्र असलेली बा जिन यांची 'फॅमिली' ही कादंबरी एप्रिल १९३१ मध्ये शांघायच्या वर्तमानपत्रात छापून येऊ लागली आणि त्याच महिन्यात त्याने जीव दिला. कादंबरी त्याला वाचायला मिळालीच नाही. अशा माणसाला भित्रा म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आणि घर सोडून गेलेल्यांचं कौतुक करताना मागे कोण राहिलं, तेही शोधा. पुढे मोठे लेखक झालेले लू शुन जपानमध्ये शिकत होते. १९०६ मध्ये आईने त्यांना बोलावून घेतलं आणि जू आनशी लग्न लावून दिलं. 'ही आईने मला दिलेली भेट,' असं ते मित्राला म्हणाले होते. संसार झालाच नाही. जुन्या रीतीप्रमाणे लहानपणीच पावलं घट्ट बांधून छोटी ठेवलेल्या जू आन सासूची सेवा करत राहिल्या. लू शुन १९३६ मध्ये गेले, सासूबाई १९४३ मध्ये. हातात पैसा उरला नाही तेव्हा जू आननी नवऱ्याची पुस्तकं विकायला काढली. ती विकू नका, हा ठेवा जपायला हवा, असं सांगायला शांघायहून माणसं आली. त्यांना जू आन म्हणाल्या, असं सांगतात, की मीसुद्धा लू शुन यांच्यामागे राहिलेली वस्तूच आहे, मलाही जपा.