बंद झालेल्या हॉटेलातली मिसळ घरी कशी जमवावी

नाशिकच्या भांडी बाजाराजवळच्या एका बोळात आमचं मिसळीचं हॉटेल होतं. आमचं म्हणजे मालकीचं नव्हे. वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, रविवारी सुट्टी. मग सिटी बसने शालिमारला उतरायचं आणि तिथून मेन रोडने चालत जायचं. सहा बाकडी, भिंतीला डाग पडलेला आरसा, गल्ल्यावर काका. २०२० च्या लॉकडाउनमध्ये शटर खाली आलं ते वर गेलंच नाही. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

तेव्हापासून ती मिसळ घरी करायच्या मागे लागले. सात-आठ वेळा फसली, आता जमते. तुमचंही असं एखादं हॉटेल गेलं असेल तर निदान माझ्या चुका तरी तुमच्या वाचतील.

मसाला शोधायला धावू नका. आधी कागद घ्या आणि आठवतं ते लिहून काढा. फक्त ‘झणझणीत’, ‘अप्रतिम’ असलं लिहू नका, त्याचा काही उपयोग नाही. डोळ्याला आणि हाताला काय आठवतं ते लिहा. मी लिहिलं होतं: रस्सा काळपट, पाण्यासारखा पातळ, वर लाल तवंग, टोमॅटोचं साल कधी दाताखाली आलं नाही. या एका ओळीत अर्धी कृती आली. मग घरच्यांना विचारा. भाऊ म्हणाला, दही असायचंच. आई म्हणाली, छे, कधीच नसायचं. शेवटी उलगडा झाला की भावाला तिखट सोसायचं नाही, म्हणून वडील आठ आणे जादा देऊन त्याच्यापुरती दह्याची वाटी मागवायचे. दोघंही खरंच सांगत होते.

आता स्वयंपाकघर. मी पहिल्या खेपांना घरच्या आमटीसारखं सगळं एकाच पातेल्यात केलं, आणि तिथेच फसले. हॉटेलात उसळ वेगळी, रस्सा वेगळा. सहा जणांना पाव किलो मटकी पुरते. रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यात बांधून ठेवा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात. नाशिकच्या थंडीत मात्र दीड-दोन दिवस लागतात, म्हणून गाठोडं पिठाच्या डब्यात दडपून ठेवते. मोड आलेली मटकी मीठ-हळद घालून पातेल्यात शिजवा, कुकरला लावू नका. दाणा बोटाने दबला पाहिजे पण फुटता कामा नये. ते पाणी ओतून द्यायचं नाही, रस्सा त्याच पाण्याचा.

वाटणासाठी तीन उन्हाळ कांदे घ्या. लाल कांद्याला पाणी फार सुटतं. सालासकट थेट गॅसवर ठेवून बाहेरून काळे होऊ द्या. अर्धी वाटी सुकं खोबरं तांबूस-काळपट भाजा. ओलं खोबरं नको, रस्सा गोडसर आणि पांढुरका होतो. दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, बोटभर आलं, मटकीचंच थोडं पाणी घालून गंधासारखं बारीक वाटा.

एक लहान वाटी तेल लागतं. इथे हात आखडला की मिसळ गेलीच म्हणून समजा. वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता, पंधरा मिनिटं तरी जातात. त्यात दोन चमचे घरचा काळा मसाला. मग गॅस बंद करा, दहा अंक मोजा आणि दोन चमचे तिखट टाका, निम्मं ब्याडगीचं, निम्मं लवंगीचं. तिखटाचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून ते तेलातच पडायला हवं. पण तेल फार तापलेलं असलं तर क्षणात करपतं. एकदा माझं करपलं तेव्हा शेजारच्या वहिनी खोकत दार वाजवायला आल्या होत्या. तिखट घातलं की लगेच मटकीचं उकळतं पाणी ओता. साध्या गरम पाण्यासकट सगळं मिळून सहा ग्लास होऊ द्या, मीठ घाला, अर्धा तास मंद उकळा.

इतकं करूनही ‘ती’ चव येईना. मग एका बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात मेथी घेताना विकणाऱ्याकडे नीट पाहिलं, तर आमच्या हॉटेलात टेबल पुसायला असायचा तोच. आता केस पांढरे. मी माझं रडगाणं सांगितलं. तो जुडी बांधता बांधता म्हणाला, “मसाल्यात काही नव्हतं ताई. तुम्ही नऊला यायच्या. रस्सा पहाटे चारचा असायचा.”

म्हणजे मुरवा. झाकण ठेवून तीन-चार तास विसरून जा, वाढताना पुन्हा उकळी काढा. तवंग हवा असेल तर त्यानंतर डाव खालपर्यंत घालू नका.

ताटलीत आधी उसळ, वर कांदा आणि जाड तिखट शेव, कोथिंबीर, लिंबाची फोड. रस्सा वाटीत वेगळा द्या, प्रत्येकाने कडेने ओतून घ्यावा, म्हणजे वरची शेव कुरकुरीत राहते. सोबत पापड आणि न भाजलेला पाव. हल्ली शहराबाहेर मळ्यांमधल्या मिसळींच्या ताटात गुलाबजाम असतो. तो तिथे का, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

उरलेला रस्सा फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. उसळ त्यात बुडवून ठेवू नका, दाणे पिठूळ होतात.

आणि शालिमारपासून चालत आल्याइतकी भूक लागल्याशिवाय ताटावर बसू नका. मी आमच्या इमारतीचे चार मजले दोनदा चढून-उतरून येते. नवरा हसतो, पण हल्ली तोही येतो.