जुन्या महिंद्रा पिकअपला दुसऱ्या गाडीचं सामान: डोनर कसा निवडायचा आणि काय कसं बसवायचं

2523 सीसीच्या डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनाची जुनी महिंद्रा पिकअप किंवा कॅम्पर भंगारात घालायची घाई करू नका. 88.9 मिमी बोअर आणि 101.6 मिमी स्ट्रोकचं हे इंजिन ट्रॅक्टरच्या घराण्यातलं आहे. कमी आरपीएमला ओढतं, सामान सगळीकडे मिळतं आणि तालुक्याच्या गावात ते उघडणारा मिस्त्री सापडतो. या गाड्या म्हाताऱ्या होतात त्या ब्रेक, स्टेअरिंग, वायरिंग आणि चासीच्या मागच्या टोकापाशी. या चारही ठिकाणी त्याच घराण्यातल्या नंतरच्या गाडीचं, म्हणजे डोनरचं, सामान लावलं की गाडी पुन्हा भरवशाची होते.

सगळ्या कामाला एकच नियम: सुटा भाग विकत घेऊ नका, पूर्ण संच घ्या. कॅलिपर घ्यायचा तर त्यासोबत नकल (ॲक्सलच्या टोकाला चाकासह वळणारा भाग), हब, मास्टर सिलिंडर, बूस्टर, पेडलची ब्रॅकेट आणि पाइपसुद्धा घ्या. पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स घ्यायचा तर पंप, पुली, पंपाची ब्रॅकेट, होज, टाकी, ड्रॉप आर्म (बॉक्सखालचा हलणारा दांडा) आणि बॉक्सचे बोल्टही घ्या. एकटा बॉक्स स्वस्तात मिळाला म्हणून आणला की पुढचे कित्येक दिवस ब्रॅकेट शोधण्यात जातात. शेवटी कोणीतरी पट्टी कापून वेल्डिंग करतो, आणि तीच पट्टी पुढे भर रस्त्यात तुटते.

आधी आपली चासी

डोनर शोधण्याआधी लोडबॉडी उतरवा. बॉडी चासीवर असताना वरची पट्टी दिसत नाही, आणि गंज नेमका तिथेच असतो: लाकडी पॅकिंगच्या खाली, पाट्याचं मागचं टोक धरणाऱ्या शॅकल ब्रॅकेटच्या आसपास, क्रॉस मेंबरच्या रिव्हेटपाशी. अर्धा किलोच्या हातोडीने ठोकत जा. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा बद्द. शंका येईल तिथे ग्राइंडरला वायर ब्रश लावून चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. केसाएवढी चीर असेल तर ती रिव्हेटच्या भोकातून सुरू झालेली दिसेल.

मग चासीचे कर्ण मोजा. पुढच्या डाव्या स्प्रिंग हँगरच्या पिनपासून मागच्या उजव्या हँगरच्या पिनपर्यंत, आणि तसंच उलट. फरक 5 मिमीच्या आत असावा. त्याहून जास्त असेल तर गाडी कधीतरी जोरात आदळली आहे. ती चासी सरळ करणाऱ्याकडे नेल्याशिवाय पुढचा एक रुपयाही खर्च करू नका.

चिरेला नुसती वेल्डिंगची रेघ मारून भागत नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना 5 मिमीचं ड्रिल मारून ती थांबवा, खाच करून भरा, घासून सपाट करा आणि मग बाहेरून फिशप्लेट (जोर देणारी पट्टी) लावा. प्लेटची टोकं तिरकी कापा. चौकोनी टोकाची प्लेट उभ्या रेषेत वेल्ड केली तर पुढची चीर बरोबर त्या रेषेवर पडते. चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग कधीच करू नका, सगळा ताण त्याच पट्ट्या घेतात. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटरची वायर काढा.

डोनर कुठला

इथे बरेच जण फसतात. बोलेरो प्रवासी गाडी स्वस्तात मिळते, समोरून तोंडही सारखंच दिसतं. पण बहुतेक बोलेरोंचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी हलणारं, पिकअपला मात्र पुढेही पाटे आणि सलग ॲक्सल. ते पुढचं सामान पिकअपच्या चासीवर बसवणं म्हणजे चासी नव्याने बांधणं. बोलेरोतून दरवाजे, काचा, वायपर मोटर, रेडिएटर, सीट, इंजिनाचं सामान यांचा विचार करा. पुढच्या ॲक्सलसाठी आणि स्टेअरिंगसाठी नंतरची पिकअप किंवा कॅम्परच शोधा, जिला पुढे डिस्क आणि कारखान्यातूनच पॉवर स्टेअरिंग आलं आहे.

मुंबईत कुर्ल्याचा बाजार सुट्या सामानासाठी ठीक आहे, पण संच हवा असेल तर अपघातात मागून ठोकलेली उभी गाडी पाहा. मागून मार बसलेल्या गाडीचा पुढचा भाग शाबूत असतो. समोरून ठोकलेल्या गाडीचा ॲक्सल, नकल किंवा स्टेअरिंग बॉक्स दिसायला कितीही चांगला असला तरी घेऊ नका. वाकलेला स्टब ॲक्सल डोळ्याला दिसत नाही, तो टायर खाऊ लागल्यावरच कळतो. पुरात बुडालेल्या गाडीचं वायरिंग, अल्टरनेटर आणि बेअरिंगही सोडा.

जाताना स्टीलची टेप, व्हर्नियर आणि आपल्या गाडीची मापं लिहिलेला कागद न्या. पुढच्या ॲक्सलसाठी मापं अशी घ्या: दोन्ही स्प्रिंग पॅडमधलं मध्य ते मध्य अंतर, पॅडची रुंदी, सेंटर बोल्टच्या भोकाचा व्यास, यू-बोल्टमधलं अंतर आणि ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारी दांडी) कुठल्या बाजूने, किती उंचीवर येते ते. पॅडचं अंतर जुळलं नाही तर तो ॲक्सल तिथेच सोडा. पॅड कापून सरकवायला सांगणारे भेटतील, पण पुढच्या ॲक्सलवर आणि स्टेअरिंगच्या कुठल्याही भागावर वेल्डिंग करायचं नाही.

बिल घ्या. त्यावर डोनरचा नोंदणी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक लिहून घ्या, आरसीची प्रतही मागा. बिल नसलेलं इंजिन चोरीचं निघालं तर गाडी आणि मालक दोघेही अडकतात.

ब्रेक: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पुढचा ॲक्सल हबपासून हबपर्यंत आणला असेल तर तो स्टँडवर ठेवून पूर्ण उघडा. कॅलिपरचा पिस्टन हवेच्या दाबाने बाहेर काढा, समोर लाकडाचा तुकडा धरा आणि बोटं लांब ठेवा. पिस्टनवर नखाला लागेल असा खड्डा असेल तर पिस्टन बदला, आणि बोअरमध्ये असेल तर कॅलिपरच बाद. सील, बूट, स्लाइड पिनचे रबर हे सगळं नवीन. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियरने मोजून त्याच्या खाली असेल तर ती टर्निंगला देऊच नका. बसवल्यावर डायल गेजने लंगडेपणा पाहा, 0.1 मिमीच्या वर गेला तर पेडल थरथरेल. बऱ्याचदा डिस्क निर्दोष असते आणि हबच्या तोंडावरचा गंज घासलेला नसतो.

किंगपिन (ज्यावर नकल वळते ती पिन) आणि बुश नवीन घाला, बुशचं भोक रीमरनेच मापाला आणा. व्हील बेअरिंगचा नट चाक फिरवत घट्ट करा, मग थोडा सैल करून चाक मोकळं फिरेल पण हाताने हलणार नाही इतकाच ठेवा. घट्ट ठेवलेलं बेअरिंग पहिल्याच घाटात निळं पडतं.

जुना मास्टर सिलिंडर डिस्कला चालत नाही, याची दोन कारणं. कॅलिपरला ड्रमपेक्षा जास्त ऑइल लागतं, त्यामुळे लहान बोअरच्या सिलिंडरवर पेडल खाली जातं. शिवाय ड्रमच्या काही सिलिंडरमध्ये लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाइनीत राहिला तर पॅड सुटतच नाहीत, आणि पाच-दहा किलोमीटरवर रिम हात लावता येणार नाही इतकं तापतं. म्हणून मास्टर आणि बूस्टर डोनरचाच लावा. डोनरवरून उतरवण्याआधी कुठला पाइप पुढे आणि कुठला मागे जातो त्याचा फोटो काढा आणि पाइपवर रंगाची खूण करा.

बूस्टरची दांडी आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात अर्धा ते एक मिलिमीटर मोकळीक हवी. अजिबात नसेल तर मास्टरचं परतीचं भोक बंद राहतं आणि ब्रेक आपोआप धरू लागतात. हे लक्षण वर सांगितलेल्या दाब धरणाऱ्या व्हॉल्व्हच्या दोषासारखंच दिसतं, म्हणून दोन्ही तपासा.

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम नसतो. या गाडीत तो अल्टरनेटरच्या मागे लावलेला पंप तयार करतो, आणि त्या पंपाला इंजिनाचं ऑइल जातं. व्हॅक्यूम गेज लावून पाहा: इंजिन आयडलवर असताना 600 मिमी पाऱ्याच्या वर यायला हवा. कमी येत असेल तर आधी होज आणि एकमार्गी व्हॉल्व्ह बदला, मग पंपाची पाती पाहा. बूस्टरच्या होजमध्ये काळं ऑइल सापडलं तर पंपाची परतीची नळी तुंबली आहे किंवा एकमार्गी व्हॉल्व्ह गेला आहे. ते दुरुस्त न करता नवा बूस्टर लावला तर त्याचाही रबर पडदा फुगेल.

ब्रेक पाइप नवीन घाला, टोकाला डबल फ्लेअर करा, रबरी होज कंपनीचेच घ्या. मागे ड्रम राहू द्या, फक्त व्हील सिलिंडर आणि लायनर नवीन घाला. डोनरला मागच्या ॲक्सलवर वजनानुसार दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असेल तर तोही आणा. त्याची दांडी गाडीच्या उंचीवर चालते. पाटे बदलले किंवा वाढवले की ती पुन्हा जुळवावी लागते, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर आधी लॉक होतात.

शेवटी रिम. डिस्कचा कॅलिपर जुन्या रिमला आतून घासतो का, हे चाक हाताने फिरवून पाहा. घासत असेल तर डोनरचीच रिम घ्या, स्पेसर घालू नका. स्टेपनीसकट पाच घ्या.

स्टेअरिंग

बॉक्स चासीवर जिथे बसतो तिथे डोनरच्या चासीला आतून प्लेट आहे का ते पाहा. असेल तर तीही उतरवा किंवा त्याच जाडीची करून घ्या. पॉवर स्टेअरिंगचा जोर साध्या चासीच्या पत्र्याला चिरा पाडतो. बोल्ट 10.9 ग्रेडचे, नट लॉकिंगचे.

बॉक्स बसवताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा, त्याच्या निम्म्यावर आणा, चाकं सरळ ठेवा आणि मगच ड्रॉप आर्म चढवा. हे चुकलं तर गाडी एका बाजूला पूर्ण वळते, दुसऱ्या बाजूला नाही. ऑइल भरल्यावर पुढची चाकं उचलून इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग हळूहळू दोन्हीकडे फिरवा, फेस थांबेपर्यंत. टो-इन (पुढच्या चाकांची पुढची टोकं आत वळलेली) 1 ते 3 मिमी. गाडी सरळ रस्त्यावर भटकत असेल तर पाट्याखालची पाचर उलटी बसली आहे का ते आधी पाहा.

इंजिन आणि मागचा ॲक्सल

इंजिन उघडायचं की नाही, हे गरम इंजिनाच्या कॉम्प्रेशनवरून ठरवा. चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असतील आणि ऑइल भरायच्या झाकणातून धुराचा जोर येत नसेल तर फक्त फ्यूल पंप आणि नोझल बेंचवर तपासून घ्या. डोनरचं कॉमनरेल (कॉम्प्युटरवर चालणारं नवं डिझेल) इंजिन टाकायचा मोह होतो. त्याला ईसीयू (तो कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, चावीचा इमोबिलायझर, पेडल, टाकीपासूनच्या डिझेल लाइनी आणि इंटरकूलर लागतो. यातलं एकही कमी असेल तर ते इंजिन घेऊ नका. साधं डीआय जागच्या जागी नीट करणं स्वस्त पडतं आणि खेड्यात दुरुस्तही होतं.

मागचा ॲक्सल बदलत असाल तर रेशो मोजा. दोन्ही चाकं उचलून, दोन्ही एकाच दिशेने बरोबर एक फेरा फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. ॲक्सलमधल्या मोठ्या गिअरला, म्हणजे क्राउनला, 39 आणि लहान पिनियनला 8 दात असतील तर 4.875 येईल, 41 आणि 10 असतील तर 4.1. लहान आकडा महामार्गावर डिझेल वाचवतो, पण भरलेली गाडी चढावर दमते. घाटात आणि शेतात काम असेल तर मोठा आकडा ठेवा. चार चाकांना ताकद असलेल्या कॅम्परला पुढचा आणि मागचा रेशो सारखाच हवा, नाहीतर फोर व्हील टाकताच गिअर केस फुटायची वेळ येते. शाफ्ट जोडताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत ठेवा.

वायरिंग

जुन्या हार्नेसला (वायरच्या जुडीला) तुकडे जोडत बसू नका. दिव्यांसाठी बॅटरीपासून स्वतंत्र रिले द्या: 2.5 चौरस मिमी वायर, बॅटरीजवळ 15 अँपिअरचा फ्यूज, जुनी स्विचची वायर फक्त रिले चालू करायला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट आणि दिव्याच्या पिनवर त्याहून फार तर अर्धा व्होल्ट कमी. जास्त घट असेल तर अर्थ घासा. इंजिन ते चासी आणि चासी ते केबिन असे दोन जाड अर्थ नव्याने टाका.

कागद आणि पहिली धाव

इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या आणि नंतर नवा क्रमांक आरसीवर चढवा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बदलांबद्दल आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवा. आपल्या चासीवरच्या कोरलेल्या क्रमांकापाशी ग्राइंडर, वेल्डिंग, पुट्टी काहीही नको. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, म्हणून ब्रेक आणि स्टेअरिंगच्या सामानाची बिलं फाइलला ठेवा.

नव्या पॅडना रिकाम्या रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा आणा, पूर्ण थांबू नका, मध्ये थंड होऊ द्या. 100 किलोमीटरवर यू-बोल्ट, स्टेअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म आणि व्हील नट पुन्हा कसा. पाटे नव्या जागी बसतात आणि यू-बोल्ट हमखास सैल होतात. 500 किलोमीटरवर तेच पुन्हा करा, आणि तोपर्यंत अर्ध्या लोडच्या वर माल भरू नका.