बाटलीचं पर्जन्यमापक: शून्याची रेघ नीट मारा

घरी पर्जन्यमापक करायचं तर सरळ भिंतींची प्लास्टिकची बाटली घ्या. जिथे ती वर निमुळती व्हायला लागते, तिथेच कापा आणि कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. त्यामुळे साठलेलं पाणी उन्हाने पटकन उडून जात नाही.

खरी चूक होते ती तळाशी. अशा बाटल्यांचा बूड खोलगट, खाचाखाचांचा असतो, त्यामुळे तळापासून पट्टी लावली की आकडा चुकतोच. म्हणून आधी तळात थोडे खडे टाका (बाटली वाऱ्याने कलंडतही नाही), खडे बुडून सरळ भाग लागेपर्यंत पाणी ओता आणि त्या पातळीवर शून्याची रेघ मारा. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली रिकामी केल्यावर पाणी पुन्हा त्या रेघेपर्यंत भरायला विसरू नका.

1 मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. हे लक्षात ठेवलं तर पट्टीशिवायही मोजता येतं: 11.3 सेंमी व्यासाच्या नरसाळ्याचं तोंड साधारण 100 चौरस सेंमी भरतं, म्हणजे त्यातून आलेलं दर 10 मिली पाणी 1 मिमी पाऊस. औषधाची सिरिंज इथे फार कामाला येते. मला तर हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते, विशेषतः रिमझिम पावसात.

जागा मोकळी हवी. झाड किंवा भिंत जितकी उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतरावर बाटली ठेवा आणि रोज ठरलेल्या वेळीच नोंद करा.